खंडेनवमीचा डबा

आमच्या न्हावऱ्याच्या विहिरीवर पुतण्याने मोटरच्या स्टार्टरला सिमकार्डाचा डबा बसवला आणि शेताकडे पाठ फिरवली. कुठूनही फोन लावावा, मोटर सुरू व्हावी आणि तसा संदेश यावा, एवढ्या विद्येवर तो स्वतःस प्रगत शेतकरी म्हणवू लागला. विक्रेत्याने बजावले होते की बसवल्यावर पेटीला कोणी हात लावू नये, सेटिंग बिघडते. हे वाक्य पुतण्याने श्रुतिवचनासारखे घरात पाळायला लावले. प्रत्यक्ष श्रुतिवचनांचे भाग्य एवढे थोर नव्हते.

खंडेनवमीला नांगर, विळे, खुरपी मी यथासांग पुजली. स्टार्टरची पेटी मात्र त्याने स्वतःकडे घेतली, कारण तिचा फोटो स्टेटसला ठेवायचा होता. बाहेर लोंबणारी अँटेनाची वायर झेंडूच्या माळेशेजारी शोभेना, म्हणून त्याने ती गुंडाळून आत कोंबली, लोखंडी दार लावले आणि त्यावर कुंकवाचे बोट ओढले. हात जोडले ते फोटोपुरते. मग बायकोला शेतावर ठेवून एकटाच सासुरवाडीला, यवतला गेला.

नुकत्याच लावलेल्या कांद्याला दुसरे पाणी हवे होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली, मोटर मात्र मुकी. यवतहून तो फोनवर फोन लावत बसला. पेटीचे बटण दाबू का, असे त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या सुनेने विचारले, तर तिच्यावरच खेकसला. विक्रेत्याने उपदेश केला की टूजीचा डबा जुना झाला, फोरजीचा घ्या. जणू लोखंडाआड रेंजवाचून टूजी गुदमरतो आणि फोरजी समाधी लावून जगतो.

शेवटी सून माझ्याकडे आली. "आबा, माझं न्हाई ऐकत ते. तुम्ही चला. दुपारपर्यंत रोपं न्हाई ऱ्हायची."

वाफ्याच्या कडेची रोपे माना टाकून होती. मी दार उघडले, वायर बाहेर काढली आणि वरुणाचे स्मरण करून हिरवे बटण दाबले. पाणी पाटात उतरले. वायर मोकळी होताच डब्याने यवतला मोटर सुरू झाल्याचा संदेश धाडला असणार, कारण लगेच सुनेचा फोन वाजला.

"बघितलंस का? हितनं चालू केली. आबांना म्हणावं, आता तरी शिका कायतरी."

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच नको म्हटले. एवढी निष्ठा मी थोर उपासकांतही पाहिलेली नाही; तिला धक्का लावण्याएवढा पुतण्या मोलाचा नव्हता, आणि वाफे भरायचे होते. तिने फोन बांधावर ठेवला, खोरे उचलले आणि पहिले दारे मोडून पाणी वाफ्यात घेतले. फोन तिथेच बोलत राहिला.