घरचा बँड

संघदीपला ट्रम्पेट वाजवत सहा वर्षं झाली होती आणि आईनं ते एकदाही ऐकलं नव्हतं. पुण्याच्या एका जॅझ बँडबरोबर तो गावोगाव फिरायचा. आई राहायची ते इंदूर दर वेळी वाटेवरून सुटून जायचं. मोहल्ल्यात लोक विचारायचे, "प्रभावतीजी, पोरगा बारातीत वाजवतो ना?" आई म्हणायची, "नाही हो, खुर्च्यांवर बसून ऐकतात त्याचं." यापलीकडं तिलाही काही सांगता येत नसे.

म्हणून अंकुरचं लग्न ठरलं तेव्हा संघदीपनं आपणहून शब्द दिला. अंकुर शाळेपासूनचा दोस्त. बडोद्याहून भोपाळला जाताना बँड दुपारी इंदुरात थांबेल, हातोद रोडवरच्या लग्नाच्या गार्डनात पाऊण तास वाजवेल आणि पाचला निघेल. आईला पहिल्या रांगेत बसवायचं.

गाडी तीनला पोचली. गार्डनाच्या बऱ्याच अलीकडे अंकुर घोड्यावर बसून होता, भोवती सारी बारात, आणि वाजत काहीच नव्हतं. अंकुरचे काका दगडू लगबगीनं पुढे आले.

"या भिया, तुमच्यासाठीच थांबलोय. लावा सुरू."

"काका, आम्ही स्टेजवर वाजवणार."

"स्टेजवर नंतर. पहिले बारात. मी बँडवाल्याला मना करून दिलं. म्हटलं, घरचाच बँड येऊन राहिलाय, तर दुसरा कशाला?"

"तो बँड वेगळा असतो, काका."

"बँड तो बँड है यार. हातात पितळेचंच आहे ना?"

पितळेचं तर होतंच. घोड्यावरून अंकुरनं नुसते हात जोडले. संघदीप बँडमधल्या लोकांकडे वळला. ड्रम वाजवणाऱ्या उर्वीनं सगळ्यात लहान ड्रम ओढणीनं गळ्यात बांधला आणि म्हणाली, "चल आता. बघत काय उभा राहिलायस?" माणसाहून उंच डबल बास मात्र गाडीतच राहिला, आणि तो वाजवणाराही.

रस्ता एक किलोमीटरचा. दर दहा पावलांवर कुणीतरी नाचायला पुढे यायचं आणि बारात थांबायची. ट्रक, बस, मोटरसायकलींचे हॉर्न, त्यांच्यावर एकटं ट्रम्पेट. खालच्या पट्टीत गेलं की ऐकूच यायचं नाही. पुढच्या दुकानाशी थांबू, असं तो मनाशी म्हणायचा. तिथं एखादी मावशी पदर खोचून उभी असायची. "और एक, भिया." आवाज बसतो तसा वाजवणाऱ्याचा ओठ बसतो. तो बसत चाललाय हे त्याला कळत होतं.

गार्डनात शिरले तेव्हा पावणेपाच झाले होते. भंतेजी कधीचे येऊन बसले होते. त्यांनी लगेच त्रिशरण सुरू केलं आणि मंडपभर माणसं हात जोडून गप्प झाली. बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला.

आई पहिल्याच रांगेत होती. गुडघ्यांमुळे ती बारातीत आली नव्हती, दोन वाजल्यापासून तिथं बसून होती. त्याला बघून ती उठली आणि हाताला धरून त्याला मागे, स्वयंपाकाच्या भट्ट्यांकडे घेऊन गेली.

"सगळे सांगून राहिले, लई छान वाजवलंस म्हणे."

"हो."

"तुम्ही निघणार ना आता?"

"हो, आई. भोपाळला रात्री नऊ वाजता प्रोग्राम आहे."

"मग मला जरासं वाजवून दाखव. हळूच. इथं कुणाला त्रास नाही."

त्यानं ट्रम्पेट ओठांना लावलं. ओठ कुणा दुसऱ्याचा असावा तसा जड झाला होता. त्यानं फुंकलं, नळीतून नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. बोटं खाली-वर होत होती, पुण्यात तासन् तास घोटलेली चाल ती बरोबर चालत होती, आणि पलीकडून फक्त त्याचा श्वास बाहेर पडत होता.

आईनं मान थोडी कलती केली होती, पदर कानामागे घेतला होता.

"बारीक आहे," ती म्हणाली, "पण येतंय ऐकू."