उतरतानाची पाकिटं

आमच्या आक्काला विकतचं काही पटत नाही. दुकानातल्या झबल्याची शिवण ती उलटी करून बघते, बोटानं ओढते आणि दुकानदाराला तोंडावर सांगते, "पावणं, ह्यो टाका दोन धुण्याचा हाय." मी तिचा धाकटा भाऊ प्रसेनजीत. पोस्टातून रिटायर झाल्यापासून कसबा बावड्यात तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्यामुळं तिच्या उद्योगांचा पहिला बळी मीच असतो.

आक्काताई हे तिचं पाळण्यातलं नाव. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं सव्वीस वर्षं काढली. चाळीस पोरांची खिचडी रोज, तीही मापून. इतके तांदूळ, इतकी डाळ, इतकं तेल. सेविका बाई म्हणायच्या, आक्काताईच्या हातातच तराजू आहे. दुपारी घरी आली की ती शिलाई मशीनवर बसायची. तिची लेक मनाली झाली तेव्हा आईच्या जुन्या लुगड्याची मऊ कुंची तिनंच शिवली. अंगणवाडीच्या गॅदरिंगला दीड वर्षाच्या मनालीचं तिनं वांगं केलं होतं. जांभळं अस्तराचं कापड, आत कापूस, डोक्यावर हिरवा देठ. ते वांगं स्टेजवर बसलं आणि बसल्या जागी झोपून गेलं. लोक हसून हसून बेजार, आणि आक्का मात्र देठ वाकडा झाला म्हणून हळहळत होती.

मनाली नऊ वर्षांची असताना दाजी गेले. त्यानंतर गणवेश, दप्तर, स्वेटर, त्या पोरीचं सगळं घरातच होत गेलं. अशी माप घेऊन वाढवलेली पोरगी पुढं डोंगर चढायला लागली. आधी पन्हाळा, मग सह्याद्री, मग थेट हिमालय. आता ती एकतीस वर्षांची आहे, शाळेत खेळाची शिक्षिका आहे, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की बर्फाकडं पळते. पहिल्या वेळी आक्का आठवडाभर भांडली. मग जुन्या छत्र्यांचं कापड उसवून, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायांना गवसण्या शिवायला बसली.

गेल्या वर्षी मनाली शिखराच्या अलीकडून परत आली. त्या उंचीवर अन्नाची वासनाच जाते म्हणे. त्यात विकतच्या पाकिटांतलं ते गोडसर जेवण तिच्या घशाखाली उतरेना. सात किलो वजन घालवून आली. यंदा मार्चमध्ये तिनं आईला गळ घातली. "आई, तुझ्या हातचं वाळवून दे. गरम पाणी वतलं की दहा मिनिटांत जेवण झालं पायजे. फकस्त तेल घालायचं न्हाय. तेल असलं की खवट होतंय."

आक्का कामाला लागली. शिजवलेली मटकी, मोकळा भात, थापलेलं पिठलं, सगळं गच्चीवर पांढऱ्या धोतरावर पसरलं. शेजारच्या झुंबरबाई त्यांच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी वाकून बघितलं. "आक्काताई, शिळं वाळवायला लागलासा व्हय?"

"माझं शिळं हिमालयात जातंय," आक्का म्हणाली. "तुमच्या कुरडया कुठवर जात्यात? सुनंच्या म्हायेरापतोर."

एप्रिल संपताना मनालीनं चव बघायला भरून ठेवलेलं एक पाकीट फोडलं. आम्ही तिघंही स्वयंपाकघरात होतो. पाकीट फोडल्याबरोबर खवट वास आला. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तोच वास. अठराच्या अठरा पाकिटं गेली. मनालीचा चेहरा पडला, पण ती आईला एक शब्द बोलली नाही. "आसू दे की. विकतचं घेतो," म्हणाली आणि बाहेर गेली. तिला निघायला सोळा दिवस उरले होते.

मी ते पाकीट हातात घेऊन बसलो. सव्वीस वर्षं तेल मापणारी बाई चुकते कशी?

"आक्का, तेल घातलंस?"

"थोडं."

"चुकून?"

ती पातेलं घासत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाय."

तिनंच पुढं सांगितलं. "गेल्या साली खाता आलं न्हाय म्हणून माघारी आली. ह्या साली बी न्हाय खाल्लं तर येईल. म्या आय हाय तिची. तिला त्या कड्यावर चढवायला म्याच रांधू व्हय?"

मला संताप आला. पोरीनं विश्वासानं मागितलं आणि हिनं हे करावं. पण तिचे ओले हात बघितले आणि तो संताप मला धरून ठेवता आला नाही. एक गोष्ट मनालीनं मला सांगितली होती, आईच्या कानावर घालायची नाही या शपथेवर. ती शपथ मी तिथंच मोडली.

"आक्का, ती गेल्या साली घसरली होती. चढताना न्हवं, उतरताना. दोन दिवस पोटात अन्न न्हवतं, पाय लटपटत हुतं. दोर हुता म्हणून वाचली."

आक्का तिथंच खाली बसली. नळ वाहत होता, तो मी उठून बंद केला. मग ती म्हणाली, "म्हंजे म्या तिला पाडायलाच निघालतो की."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मटकी भिजली. या खेपेला तेलाचा डबा तिनं माझ्या खोलीत आणून ठेवला. तितके दिवस घरात सगळ्यांनीच बिनतेलाचं खाल्लं, आणि कोल्हापुरात कटाशिवाय मिसळ गिळणं काय असतं ते मला विचारा. त्यात वळीव रोज चारला हजर. तेव्हा मी जुन्या लाकडी कपाटात बल्ब लावले, भंगारातून कॉम्प्युटरचा पंखा आणून बसवला, जाळीचे खण केले. उभ्या आयुष्यात आक्कानं माझं कौतुक केलं ते त्या कपाटासाठी. "ह्येला काय तरी येतंय," असं झुंबरबाईंना म्हणाली.

मग तिनं आजीची आठवण काढली. आजी मांस वाळवून ठेवायची, त्याला चान्या म्हणत. पोटाला मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या दिवसांतली ती रीत. आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो आणि त्या शब्दाची आम्हाला लाज वाटायला लागली. आक्कानं तो शब्द झुंबरबाईंसमोर मोठ्यानं उच्चारला, कोवळ्या मटणाचा खिमा शिजवला, वर आलेली चरबी चमच्यानं काढली आणि कपाटात रात्रंदिवस वाळवला. पार वाळूसारखा कुरकुरीत झाल्यावरच बाहेर काढला.

विहारातली बुद्ध पौर्णिमेची खीर खाऊन आलो आणि त्याच संध्याकाळी सामान भरायला घेतलं. आक्कानं मनालीपुढं दोन पिशव्या ठेवल्या, एक निळी, एक तांबडी. पहिल्यांदा मात्र तिनं दुसरंच सांगितलं.

"आदल्या पाकिटांतलं तेल म्या मुद्दाम घातलतं."

मनाली आईकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होतो. मी शपथ मोडल्यासकट तिला सगळं उमगलं असावं. "आता न्हाय न्हवं घातलंस?"

"न्हाय."

"मग झालं की," असं म्हणून तिनं आईच्या मांडीवर डोकं टेकवलं.

आक्कानं तिच्या केसांत हात घातला आणि पिशव्यांची माहिती सांगितली. निळीत चढतानाची पाकिटं, खिचडी आणि पिठलं-भात, पोटभर. तांबडीत उतरतानाची. खिमा, मसाल्याची मटकी, रव्याची खीर, जे जे मनालीला जिवापाड आवडतं ते सगळं त्यात. प्रत्येक पाकिटावर आक्काच्या अक्षरात 'उतरताना' लिहिलेलं.

"चवीचं समदं माघारीला ठेवलंय," आक्का म्हणाली. "वर कोण हाय तुझं? खायाला तरी खाली ये."

मनाली गेली. पुढं अकरा दिवस फोन नव्हता. आक्का मशीनवर बसायची आणि टाका न घालता उठायची. मी पेपर वाचायचो आणि तेच पान परत वाचायचो.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. "आई, खाली आलो. उतरतानाचं समदं संपलं. खिमा तर सोबतच्यांनी पळवला."

"पळवू दे, बाई. पळवू दे," आक्का म्हणाली. फोन माझ्या हातात देऊन ती पदरात तोंड खुपसून रडली, आणि मीही पोरीला नुसतं खिम्याचंच विचारत बसलो. शिखराचं विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आठवड्यानं मनाली घरी आली. नाकाची साल निघालेली, पण अंगानं भरलेलीच. जेवणं झाल्यावर तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. सगळीकडं पांढरं, वर निळं आभाळ, आणि मधे मनाली हात उंच करून शिखरावर उभी. मी टाळ्याच वाजवल्या. आक्कानं चष्मा लावला, मोबाईल जवळ घेतला, आणि पोरीकडं नाही, तिच्या पायांखालच्या उताराकडं बघत विचारलं, "हितनं खाली यायला किती येळ लागला?"