मामाच्या घराची हेरगिरी

धामणगाव स्टेशनात उतरले तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या बॅगेला हात लावला आणि मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. ते बिचारे दारातली वाट मोकळी करून देत होते. "घ्या बाप्पा, तुमची थैली तुमालेच," म्हणाले आणि हसत निघून गेले. मला त्या हसण्याचाही संशय आला. ठाण्याहून निघतानाच डोक्यात संशय कोंबून पाठवलं होतं, त्याला मी तरी काय करणार?

कोंबणारा माझा धाकटा भाऊ सायमन. आमचा शालोममामा दिग्रसला एकटा राहतो. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) मेकॅनिक म्हणून तो कोकणातून इकडे आला. पुढे नोकरी संपली, मामी गेली, तरी हा काही परतला नाही. आम्ही बेने इस्राईल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. तोरा या आमच्या धर्मग्रंथाचे वर्षभरासाठी भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी एक वाचायचा, त्याला पाराशा म्हणतात. मामा दर शुक्रवारी त्या आठवड्याच्या पाराशेतून काय शिकायचं, ते मोबाईलवर बोलून सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. 'पाहुण्याला आधी पाणी, मग प्रश्न', असलं काहीबाही. आम्ही सुरुवात ऐकतो आणि जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळे होतो.

मागच्या शुक्रवारी मात्र सायमनने जरा जास्त ऐकलं. "ढग उठला की तंबू गुंडाळायचा," मामा म्हणत होता. "घराला चिकटून बसू नये. मीही सोडायला शिकतोय." पाराशा रानात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांची होती, देवाचा ढग हलला की ते मुक्काम हलवायचे. सायमनच्या कानात शिरलं ते फक्त घर.

"ताई, कुणीतरी त्याचं घर लिहून घेतंय. शेजारची एक बाई सदानकदा तिथंच असते म्हणे. तू जाऊन बघ. काही काळंबेरं दिसलं तर मी त्याला इकडे घेऊन येतो. खोली तयार आहे."

म्हणजे मामाचं दिग्रस राहणार की सुटणार, हे मी काय सांगते त्यावर होतं. मी निघाले.

बाभुळगावला बस थांबली तेव्हा शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "कोनाकडे चाल्ल्या व बाई?" "नातेवाइकांकडे," एवढंच म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले. तिने पुढे केलेले फुटाणेही घेतले नाहीत. बॅग इतकी आवळून धरली होती, की यवतमाळच्या स्टँडवर तिचा बंदच तुटला. तशीच ती कवटाळून दिग्रसच्या बसमध्ये चढले. दारव्ह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती, पेरणीची वाट बघणारी. एरवी छान म्हटलं असतं. त्या दिवशी मला ती रानंही काहीतरी लपवून बसल्यासारखी वाटली.

मामाचं दार भरदुपारी बंद होतं. आत एक बाई सावकाश, एकसुरात काहीतरी वाचत होती आणि मधूनमधून मामाचा आवाज येत होता, "हूं, पुढे." मी दाराला कान लावला, हो, लावलाच. शब्द काही कळेनात. तेवढ्यात दार उघडलं आणि समोर चष्मा लावलेली एक उंच बाई उभी.

"तुमी ठान्याच्या भाची? फोटोत पाह्यलं तुमाले. अशा एकदम काहून आल्या?"

"मामाला भेटायला."

"थेच तं. इतक्या वर्सांत नाही आल्या, मंग आताच काहून?"

आतून मामा हसला. "ये, दीना. या विमलबाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण घंटा अजून यांच्याच हातात आहे."

बाई काही हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) ठेवून गेल्या. जाताना फळीवरचा मामाचा मोबाईल आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून नेला. मी थक्कच झाले.

"शब्बाथला फोन नको," मामा म्हणाला. "समोर दिसला की हात वळवळतो." शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा विश्रांतीचा दिवस, तो शब्बाथ.

"आणि किल्ल्या कशाला?"

"सकाळी लोक येतात. दार त्याच उघडतात."

मामाने मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली, आम्ही जेवलो. भाजी फार चांगली झाली होती, याचाही मला राग आला.

सकाळी विमलबाईंनी दार उघडलं, सतरंजी अंथरली. गल्लीतली चारदोन माणसं येऊन बसली. मामाने तोराचं मराठी पुस्तक मांडीवर घेतलं. "आजची पाराशा हेरांची," तो म्हणाला. मी दचकले.

"मामा, मुद्दाम निवडलीस?"

"निवडत नाही गं, ठरलेली असते. तू मात्र बरोबर याच आठवड्याला आलीस."

सगळे हसले. मामा सांगू लागला. रानातल्या आमच्या पूर्वजांचा पुढारी मोशे, त्याने नवा देश पाहायला हेर पाठवले. ते परत येऊन म्हणाले, जमीन चांगली आहे, पण शहरांना तट आहेत, माणसं राक्षसांसारखी आहेत. त्यांच्यापुढे आम्ही आमच्याच नजरेला टोळांएवढे दिसलो. लोक रडायला लागले आणि तो देश त्यांच्या हातचा गेला.

मी मामाच्या शेजारीच होते. संशयी डोळा स्वस्थ बसत नाही, मी पुस्तकात डोकावले. पान भलतंच, महापुरात तरलेल्या नोहाच्या तारवाचं (जहाजाचं) होतं. मामा हेरांची गोष्ट सांगत होता आणि त्याचं बोट महापुरावरून फिरत होतं. मध्येच तो अडला.

"द्राक्षाचा घड, काका," विमलबाई हळूच म्हणाल्या. "दोघायनं काठीवर उचलून आनला."

"हां, घड," म्हणत मामा पुढे गेला.

मामा वाचत नव्हता, पाठ केलेलं सांगत होता. बंद दाराआडचं शुक्रवारचं वाचन काय होतं, ते आत्ता कळलं.

गोष्टीनंतर ज्याने त्याने आपल्यापुरता बोध सांगायचा, असा तिथला रिवाज. चहाची टपरी चालवणारे गुलाबराव म्हणाले, "मी बी हेरच हावो. पोरीच्या सासरी गेलो का खोटच काढतो. आता नाही काढत. म्हंजे, कमी काढतो."

मामा म्हणाला, "हेर खोटं बोलले नाहीत. तट होते, माणसं उंच होती. पण जे पाहिलं आणि ज्याला भ्याले, ते दोन्ही त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं. तिथं चुकलं."

सतरंजी झटकताना मी विमलबाईंना परसात गाठलं. "मामाला दिसत नाही ना?"

"दिसते. मानूस दिसते, अक्षर नाही दिसत. यवतमाळले नेलं होतं मी डॉक्टरकडे. गेली थे नजर येत नाही म्हने, उरली थे सांभाळा."

"आम्हाला का नाही कळवलं?"

"त्यायनं शपथ घातली. म्हने, भाचे उचलून नेतीन मले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मले वाटलं, तुमी घर इकालेच आल्या."

"आणि मला वाटलं, तुम्ही ते लिहून घेताय."

त्या बघतच राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "माहं घर झाडता झाडता कंबर जाते बाई. अजून एक कायले पाह्यजे?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांनी माझ्या बॅगेला जुन्या लुगड्याच्या काठाचा बंद शिवून दिला.

चांदण्या दिसल्या तशा किल्ल्या आणि मोबाईल फळीवर परत आले. लपवायचं नाही, एवढं मी मामाला सांगितलं. तो मोबाईल माझ्या हातात देत म्हणाला, "सांग. फक्त नीट सांग." सायमनला फोन लावला.

"दोन वाक्यं सांगते, वेगवेगळी ऐक. पाहिलं ते असं, की मामाला अक्षर दिसत नाही आणि विमलबाई त्याला रोज वाचून दाखवतात. भीती वाटते ती अशी, की आपण त्याला खोली देऊ, पण वाचून कोण दाखवणार?"

सायमनने दोन्ही वाक्यं पुन्हा सांगायला लावली. "विचार करतो," म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बॅग वर फळीवर टाकली आणि शेजारच्या बाईचे फुटाणे खाल्ले. जाताना बंद दार, किल्ल्या, रानं सगळं मी नीट पाहिलं होतं, पण त्या प्रत्येकाला माझीच भीती चिकटवली होती.

पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखा मामाचा बोध आला. थोड्या वेळाने सायमनचा फोन.

"ताई, तो मध्ये अडतो तेव्हा मागून कुणीतरी शब्द सांगतं."

"विमलबाई."

"मी जुने सगळे काढून ऐकले, शेवटपर्यंत. सगळ्यांत ती आहे गं." मग त्याने विचारलं, "त्या खोलीचं काय करू?"

"राहू दे," मी म्हटलं. "दोघांना बोलावू. पाहुणे म्हणून."