वजनकाट्यावरच्या बाई

गेल्या सोमवारी, भर बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता आपल्या सरकारी दवाखान्यात सत्यभामावर अन्याय झाला. सातवा महिना चालू असलेली बाई सोनोग्राफीसाठी ओळीत उभी होती. मशीन होतं, वीज होती, डॉक्टर नव्हते. का नव्हते आणि कधी येतील, हे सांगायलाही कुणी नव्हतं. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि त्यानं बोटांनीच 'जा' म्हटलं. सत्यभामा सासूचा हात धरून परत गेली.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर नसणं आपल्याला नवं आहे का? नाही. पण बोटांनी 'जा' म्हणणं नवं आहे. ते सोसायची सवय आपली सुटली होती. एका बाईनं सोडवली होती.

तुम्ही त्यांना पाहिलंय. आठवा. व्हरांड्यात औषधाच्या खिडकीशेजारी तो जुना लोखंडी वजनकाटा आहे ना, गोल तबकडीचा, त्यावर उभ्या राहायच्या त्या. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर, पण उंचीनं इतक्या लहान की गर्दीत नुसता आवाज यायचा. म्हणून दर सोमवारी बारा वाजता ओळ भरली की त्या चपला काढून काट्यावर चढायच्या, स्टेथोस्कोपनं तबकडीवर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "आधी वाईट सांगते. चहा मग."

मग दवाखान्याचा हाल सांगायच्या. काय बंद आहे, काय संपलंय, कोण रजेवर आहे. नंतर काय बरं झालं ते. शेवटी पुढच्या बाजारापर्यंतची कामं. कामं तीनच. "चौथं सांगितलं की पहिलं विसरते," म्हणायच्या, "माझं वय झालंय आणि तुमचंही फार कोवळं नाही."

बोलताना रंगात आल्या की काटा हलायचा. पुढं बसलेल्यांचं निम्मं लक्ष तबकडीकडंच. एकदा दिवाळीनंतर सत्यभामाची सासू, म्हणजे आपल्या कौसाबाई, मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "बाई, औषधं संपली म्हन्ता अन् तुमी तर वाढल्याव!"

"मावशी, ते फराळाचं वजन आहे. दवाखान्याच्या स्टॉकमधलं नाही."

सगळा व्हरांडा हसला. त्या हसण्यातच कुत्रा चावल्याची लस संपल्याचं त्यांनी सांगून टाकलं आणि ती कुठल्या वारी येणार तेही.

माझी त्यांची पहिली गाठ भांडणातली. सत्यभामाचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. तेव्हा सोनोग्राफीचं मशीन नुसतं खोलीत बसलेलं असायचं. नारळ फुटला होता, फीत कापली होती, फोटो छापून आला होता. चालवणारा डॉक्टर मात्र नव्हता. सत्यभामाला टमटममध्ये दहाजणांच्या दाटीत परभणीला जावं लागलं. पिंगळीच्या पुढं रस्त्यानं तिचे जे हाल केले ते कौसाबाईंनी मला सांगितले आणि माझं डोकं फिरलं. आमची संघटना तेव्हा तीन जणांची होती (आता चार आहे). त्याच दिवशी पत्रक काढलं. मथळा माझा: 'मशीनला हार, बाई दारोदार!'

सोमवारी गठ्ठा घेऊन गेले. ठरवून गेले होते की बाहेर काढलं तर दारात बसायचं, पोलीस आले तर घोषणा द्यायच्या. बाईंनी काट्यावरूनच हात पुढं केला, एक पत्रक घेतलं आणि खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळंच. 'निर्लज्ज' या शब्दावर थोडं थांबूनसुद्धा.

"यमक छान जुळलंय," त्या म्हणाल्या. "पण ए पत्रकवाली, 'प्रशासन झोपलंय' लिहिलंस ते चूक आहे. मी जागीच आहे. मशीन चालवणारा डॉक्टर तीनदा मागितला, मिळाला नाही. कुणाकडं मागितला ते विचार. ते छाप. मग वाचणाऱ्याला कळेल, ओरडायचं कुठं."

भांडायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं 'हो, खरंय' म्हटलं तर पुढं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच शिबिरात शिकवलेलं नव्हतं. मी आपली उभी. तोवर बाईंनी जखमेवर लावायची चिकटपट्टी मागवली आणि माझं पत्रक स्वतःच्या केबिनच्या दारावर चिकटवलं. चहाही दिला. बिनसाखरेचा. रागात प्यायले.

दवाखान्यातले लोक त्यांच्यावर वैतागायचे. एकदा क्लार्क माझ्यादेखतच त्यांना म्हणाले, "मॅडम, असं उघडं बोललं की बदली होती."

"गोड बोललं तरी होतेच की हो. मग खरं बोलून जाऊ."

परभणीहून साहेबलोक आढावा घ्यायला आले तो दिवस तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलाय. बाईंनी तारीख मुद्दाम सोमवारची घेतली होती की तशी पडली, देव जाणे. हॉलमध्ये सतरंज्या, हार, पडद्यावर मोठी अक्षरं: 'कामगिरी व प्राधान्यक्रम'. क्लार्कनी मेहनतीनं चित्रं तयार केली होती. पहिलं चित्र बागेचं, दुसरं रंगवलेल्या कंपाउंडाचं, तिसरं झाड लावतानाचं. 'नागरिक' म्हणून मला आणि कौसाबाईंना मागच्या बाकावर बसवलेलं.

बाई उठल्या. "आधी वाईट सांगते."

साहेब हसून म्हणाले, "मॅडम, चांगल्यानं सुरुवात करा. पाहुणे आलेत."

"साहेब, तुम्ही डॉक्टरकडं जाऊन 'माझे केस छान आहेत' असं सांगता का? दुखतं तेच सांगता ना?"

साहेबांना केस नव्हते. हे बाईंच्या लक्षात उशिरा आलं, आमच्या लगेच. हॉलमध्ये जी शांतता पसरली ती कशी मोडावी कुणाला कळेना. ती वीज मंडळानं मोडली. लाईट गेली. पडदा गेला, बाग गेली, पंखे थांबले. इन्व्हर्टर बाळंतिणींच्या वॉर्डाला जोडलेला होता आणि तो काढून हॉलला द्यायला बाई तयार होईनात.

"चला, बाहेर वारं आहे," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना व्हरांड्यात घेऊन आल्या. चपला काढल्या, काट्यावर चढल्या. साहेबलोक रुग्णांच्या बाकांवर बसले. बाजारचा दिवस, माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी नेहमीसारखाच हाल सांगितला. बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती बसली. लस आली. मशीन तसंच.

तेवढ्यात कौसाबाई उठल्या आणि थेट मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हे मशीन दसऱ्याला हळदकुंकू घेतंय, हार घेतंय, निवद खातंय. कामाचं म्हनलं की निजायलंय. आमच्या घरी असला जावई असता तर आमी हाकलला असता!"

साहेब आधी बाईंकडं पाहू लागले, मग काट्याकडं, मग चारी बाजूंनी दाटलेल्या माणसांकडं. पळायला वाट नव्हती. शेवटी तेही हसले. म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस डॉक्टर देतो."

"कुठला दिवस?" बाईंनी लगेच विचारलं.

"बघू..."

"सोमवार," अख्खा व्हरांडा म्हणाला.

आणि डॉक्टर खरंच मिळाले! दिवाळीनंतरच्या सोमवारी ते हजर झाले. पोखर्णीकडून, आडवळणाच्या वस्त्यांवरून बायका आल्या. खोली उघडली, बटण दाबलं, मशीन ढिम्म. माणूस बोलावून मागचं झाकण काढलं तर आत बुंदी. दसऱ्याला पूजेनंतर नैवेद्याचा द्रोण मशीनवर ठेवला होता, तो मागं कलंडला होता. बुंदीच्या वासानं उंदीर आत शिरला होता, आणि प्रसाद संपल्यावर त्यानं वायरही चाखून पाहिली होती.

आता दुसरा कुणी असता तर 'तांत्रिक अडचण' म्हणून पाटी लावून मोकळा झाला असता. बाई चपला काढून काट्यावर चढल्या.

"आधी वाईट सांगते. डॉक्टर आलेत, मशीन बिघडलंय. उंदरानं वायर खाल्ली. उंदीर बुंदीसाठी आला. बुंदी मी ठेवली होती, दुसऱ्या कुणी नाही. चूक माझी. दुरुस्तीला आठवडा लागेल. ज्यांना थांबणं धोक्याचं आहे त्यांना आत्ता दवाखान्याच्या गाडीनं परभणीला पाठवते. बाकीच्यांनी पुढच्या सोमवारी या. तुमचा नंबर पहिला."

मग कौसाबाई म्हणाल्या, "बाई, फुडच्या दसऱ्याला मशीनला उपास धरायला लावा."

तो हशा मला अजून ऐकू येतो. आणि लक्षात घ्या, त्या दिवशी जवळजवळ सगळ्याच बायका काम न होता परत गेल्या. एकीनंही शिवी दिली नाही. जाताना एकमेकींना बुंदीची गोष्ट सांगत गेल्या. पुढच्या सोमवारी आल्या, मशीन चालू होतं. तेव्हापासून दर सोमवारी चालू राहिलं.

आम्ही तिघांनी विजयाचं पत्रक काढलं. बाईंनी वाचलं आणि विचारलं, "यात माझी बुंदी कुठाय?" मी म्हटलं, विजयाच्या पत्रकात पराभव कशाला? "मग अर्धंच छापलंस," म्हणाल्या आणि ते काही दारावर लावलं नाही. जुनंच राहिलं, 'निर्लज्ज'वालं. मला राग आला होता. खरं तर अजून थोडा आहे.

या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. शिक्षा म्हणून नव्हे, नियमानं. मी निषेधाचा मजकूर लिहून नेला तर म्हणाल्या, "माझ्यावर कागद घालवू नकोस. पावसाळा येतोय, गोळ्यांच्या तुटवड्यावर लिही." शेवटच्या सोमवारी काट्यावर चढल्या, टकटक केली. "आधी वाईट सांगते. मी चाललेय. आता चांगलं. नवे साहेब चांगले उंच आहेत. त्यांना या काट्याची गरज पडणार नाही."

कौसाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "उतरा आता, काटा मोडंल."

बाई उतरल्या. चपला मात्र उलट्या पायात घातल्या आणि तशाच केबिनपर्यंत गेल्या.

त्यांचा एवढा एकच अंदाज चुकला. गरज आहे. नवे साहेब वाईट नाहीत, हेही लिहिते, कारण अर्धं छापायचं नाही असं मला सांगितलंय. वेळेवर येतात, नाडी नीट पाहतात. पण ते उंच आहेत, केबिनमध्ये आहेत, आणि दाराबाहेर काचेच्या चौकटीत 'ठळक कामगिरी' टांगली आहे. सोनोग्राफीचे डॉक्टर का येईनात, हे मी विचारलं. "तक्रारपेटीत टाका," म्हणाले. पेटीची किल्ली कुणाकडं आहे, हे क्लार्कनाही ठाऊक नाही.

कदाचित डॉक्टर आजारी असतील. कदाचित दुसरीकडं पाठवले असतील. कदाचित पुन्हा बुंदी असेल. काहीही असो, आपण ऐकून घेऊ. न सांगता परत पाठवणं ऐकून घेणार नाही. सत्यभामा पुन्हा टमटममध्ये बसायच्या आधी हे ठरलं पाहिजे.

काटा तिथंच आहे. त्यावर आता कुणीतरी फिनेलचा डबा ठेवलाय.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: या सोमवारी बाजाराला याल तेव्हा भाजी घ्यायच्या आधी दवाखान्यात या. बारा वाजता. पिशवीसकट या, लेकरांसकट या. डबा आपण उचलू. कौसाबाई टकटक करतील. आणि मग सगळ्यांनी मिळून केबिनच्या दाराशी जाऊन, न ओरडता, हात जोडून म्हणा: साहेब, चपला काढा, काट्यावर या. आधी वाईट सांगा.

चहा आम्ही आणतो.