एकशे सात नंबरची मोलमोल

फिलिपिन्समधल्या दुमागेते शहराजवळच्या समुद्रकेंद्रात पेर्फेक्ता रागाय बावीस वर्षं माशांच्या टाक्या सांभाळत होती. शेवाळलेले दगड आणून टाकीत ठेवायचे, पाणी बदलायचं, एकेका माशाची वहीत नोंद करायची. त्या नोंदींना कुणी कधी नावं ठेवली नव्हती. मनिलाहून डॉक्टर व्हिलारूस उगवेपर्यंत.

हा गृहस्थ अवघ्या प्राणिसृष्टीचं वर्गीकरण संगणकात बसवायला निघाला होता. कुठली जात कुठल्या कुळात, कुणाला काय लागू, सगळं नियमांत असं बांधायचं की पुढचे निष्कर्ष संगणकानेच काढावेत. मासा त्याने बहुधा ताटातच पाहिलेला. नियम मात्र ठासून लिहिलेले: नर तो मादी नव्हे, मादी ती नर नव्हे, आणि जे आहे ते कायमचं.

फेब्रुवारीत पोपटासारख्या चोचीच्या मोलमोल माशांच्या टाकीतला एकुलता नर मेला. मग एकशे सात नंबरची तपकिरी मादी हळूहळू निळी-हिरवी होत गेली आणि ऑगस्टपर्यंत पक्का नर झाली. मोलमोलांत असं होतंच, हे किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. पेर्फेक्ताने तसं लिहून पाठवलं. संगणकाने निष्कर्ष काढला: असा मासा असूच शकत नाही.

व्हिलारूसचा फोन आला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं 'मानांग' म्हणत. "मानांग, तुमची नोंद चुकली आहे."

"मासा टाकीत आहे, डॉक. येऊन बघा."

"बघायचा प्रश्नच नाही. नियमाशी जुळत नाही. असं करा, मादी मेली म्हणून लिहा आणि नवा नर आणला म्हणून लिहा."

"मेली कशी? आत्ता दगड खरवडत होती."

"होती की होता?"

"ते तुम्ही ठरवा. डॉक्टर तुम्ही आहात."

तिने खोटं लिहिलं नाही. मनिलातल्या लोकांनी परस्पर नोंदीत मादी मारून टाकली आणि वर तिलाच पत्र धाडलं: मृत मासा जतन का केला नाही, खुलासा करावा. पेर्फेक्ताने एका ओळीत खुलासा केला: "मृत मासा अजून पोहतो आहे, थांबला की पाठवते."

पुढच्या वर्षी एका परिषदेत परदेशी मत्स्यतज्ज्ञ या नियमावरून व्हिलारूसला भर सभेत हसले. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. नर-मादीपण माशाला कायमचं न चिकटवता त्याच्या आयुष्यातल्या त्या त्या काळाला जोडायचं, असा नवा नियम त्याने केला आणि स्वतःचा शोध म्हणून तासभर व्याख्यान झोडलं.

त्याची पुस्तिका केंद्रात आली. शेवटच्या पानावर चौदा जणांचे आभार होते, हॉटेलच्या व्यवस्थापकाचेसुद्धा. पेर्फेक्ताचं नाव नव्हतं. मुखपृष्ठावर मोलमोल म्हणून छापलेला मासा भलत्याच जातीचा होता. तिने ते कुणालाही कळवलं नाही.