कस्दींच्या जागी

सोलो शहराजवळच्या एका नाटकमंडळीत मी कपडेपट सांभाळायची. तिथे सुम्पेनो शिपायाचं काम करायचा. भाला धरायचा, "आज्ञा, महाराज" म्हणायचा, आणि विंगेत येऊन सेनापतीची सगळी भाषणं ओठांतल्या ओठांत बोलायचा. झोपलेल्या राजाला मारून गादीवर बसलेला आणि मग आतून पोखरत गेलेला सेनापती, हे आमचं सगळ्यात गाजलेलं नाटक. चौदा वर्षं सेनापतीचं काम पाक कस्दी, म्हणजे कस्दीकाका, करत होते.

मी सुम्पेनोला कांग म्हणायची, मोठ्या भावाला म्हणतात तसं. "कांग, शिपायाला एवढं पाठांतर कशाला हो?"

"म्हातारा मरेल की कधीतरी," तो हसायचा.

एका दुपारी रंगमंच बांधून झाल्यावर सिंहासनाच्या पायरीची फळी कुजलेली त्याला दिसली. त्याने ती पायाने दाबून पाहिली. वाकली. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तो कुणाला न सांगता गेला. हे मला फार नंतर कळलं. त्या संध्याकाळच्या प्रयोगात कस्दी फळीसकट खाली गेले, कमरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवसापासून सेनापती सुम्पेनो.

काम तो झकास करायचा. लोक खूश होऊन सिगारेटची पाकिटं मंचावर फेकायचे. पण कस्दी कुबड्या घेऊन रोज यायचे, पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसायचे. नुसते ओठ हलायचे त्यांचे.

"त्यांना मागे बसव ना, तार्नी," सुम्पेनो मला म्हणायचा.

तीन महिन्यांनी कस्दी वारले. सकाळी दफन झालं, संध्याकाळी प्रयोग. पहिल्याच अंकात सुम्पेनो मध्येच थबकला. आत आला तो पांढराफटक.

"माझं वाक्य माझ्याआधी कोण म्हणतंय?"

"कोणी नाही, कांग."

पण मग ते रोजचंच झालं. एकदा मीही कान दिला. लांब वाक्याआधी कस्दी छातीतून एक घरघरता श्वास घ्यायचे. तोच श्वास मला त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडून ऐकू आला. मी कुणाला बोलले नाही.

त्याच प्रयोगात दरबाराच्या प्रवेशात सेनापतीने म्हणायचं होतं, "मी झोपलो होतो. मी काही पाहिलं नाही." सुम्पेनो त्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "मी पाहिलं होतं. फळी कुजली होती. पायाने दाबून पाहिली होती मी."

प्रधान झालेल्या नटाने सावरून घेतलं, "कसली फळी, महाराज?"

सुम्पेनो खाली बसून रडायला लागला. टाळ्या थांबेनात.

सकाळी मी त्याच्याबरोबर कस्दींच्या बायकोकडे गेले. आमच्या काकू, बू रात्मी, केळीच्या पानांत आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे बांधत होत्या. त्याने सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे. त्या दुपारी त्यांनी तुला फळी दाबताना पाहिलं होतं."

"मग पाय ठेवला कशाला त्यांनी?"

"त्यांना वाटलं, तू ओरडून थांबवशील."

परत आल्यावर मंडळीचे मालक म्हणाले, "ते फळीचं वाक्य राहू दे रे, लोकांना आवडलं." सुम्पेनोने सेनापतीचा अंगरखा घडी करून माझ्या हातात दिला आणि बायकोच्या गावी निघून गेला.

आता तो बदकं पाळतो. गेल्या वर्षी मी भेटायला गेले, तर खारवलेली अंडी बांधून दिली. मंडळीचं नावही काढलं नाही त्याने. बदकं तळ्यावरून परतत होती, तो ती मोजत उभा होता.