गच्चीवरची बांधी

बायको गेल्यावर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या घरात माझ्याशी भांडणारं एकच माणूस उरलं, उतारावरची शेजारीण. जोराचा पाऊस झाला की माझ्या गच्चीचं पाणी पाइपातून धो-धो गल्लीत पडायचं, नाली तुंबायची आणि ते थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरायचं. मग हाक यायची, "भाऊ, काहून झोपून राह्यले? तुमचं पाणी माह्या घरात आलं ना!" मी घमेलं घेऊन धावायचो. दोघं मिळून पाणी उपसायचो. ती मला आणि आभाळाला सारखंच बोलायची आणि शेवटी चहा टाकायची. खोटं कशाला बोलू, मी पावसाची वाट पाहायचो.

तरी दर वर्षी तिचे तांदूळ भिजायचे, ते बघवत नव्हतं. नागपूरच्या मुलाने फोनवर सांगितलं, गच्चीवर माती टाकून गवत लावा, पाऊस आधी मातीत मुरेल. झालं! आम्ही मूळचे किरनापूरकडचे धानवाले, भातशेती करणारे. मी शेतातली चिकणमाती आणवली, चारी बाजूंनी बांधासारखे धुरे घातले, पायांनी चिखल तुडवला आणि रोवणीला शोभेल अशी बांधी, म्हणजे भाताचं खाचरच, तयार केली. पहिल्याच मोठ्या सरीत वर तळं साचलं आणि खाली माझ्याच अंथरुणावर छत गळायला लागलं.

"बाबा, खेत थोड़ी बनाना था! पानी को बस थोड़ी देर रोकना है," मुलगा खदाखदा हसला. हसला, पण आला नाही.

चिखल मी एकट्यानेच उतरवला. उन्हाळ्यात छताला लेप मारून घेतला. त्यावर जाड प्लास्टिक, मग विटांचे तुकडे, वर वाळू-शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती, जेमतेम चार बोटं, आणि गवत.

यंदा श्रावणात भर दुपारी आभाळ फाटलं. पाइपातून बराच वेळ काहीच आलं नाही. मातीने पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं. उरलेलं मागाहून बारीक धारेने येत राहिलं, तोवर गल्लीतलं पाणी ओसरलंही होतं. मी मात्र घमेलं घेऊन जिन्यात बसून होतो. हाक आली नाही. शेवटी मीच गेलो.

"आलं का पाणी?"

"नाही ना भाऊ, एक थेंब नाही! लय चांगलं काम केलं तुम्ही." ती मनापासून हसली. "मंग हे घमेलं काहून आणलं?"

"असंच."

आत कुकरची शिट्टी झाली, तशी ती वळली. चहाचं ती काही बोलली नाही, आणि तिच्या दारात थांबायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.